साहेबांची नागीण

साहेब नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरातून काही ते निवृत्त झाले नव्हते. वजनमापं खात्यात ते मोठे निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, दंड ठोकायचा. हे काम त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की पुढे ते माणसंही तशीच तपासायला लागले. घरातलं प्रत्येक माणूस त्यांच्या मते वजनाला कमी भरायचं. बायको त्यांना साहेबच म्हणायची. मुलगा समोर बाबा आणि पाठीमागे साहेब म्हणायचा. सोसायटीचा वॉचमन अजून सलाम ठोकायचा. त्यामुळे आपली खुर्ची गेलेली आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत नीट पोचलीच नव्हती.

सून त्यांच्या हिशेबी पहिल्या दिवसापासून हलकी. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर मेण चढवायचं, दात बसवायचे, गुलाबी हिरड्या मशिनवर घासून गुळगुळीत करायच्या. घरी यायची तेव्हा भुवयांत पांढरी पूड असायची. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईंचं दातांचं दुकान आहे." ज्या कवळीनं ते हे वाक्य बोलायचे ती कवळी सुनेनंच बनवलेली होती आणि अगदी झकास बसली होती.

त्या वर्षी लॅबमध्ये काम फार होतं. सुनेला दोन दिवस ताप येऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ताप मुतलाय. जाईल आपोआप." गोष्ट तिथंच संपली असती. पण लॅबच्या मालकानं तिला टेबलापाशी बसूच दिलं नाही. "आपण लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू बनवतो," तो म्हणाला. "आधी डॉक्टरला दाखवून ये."

त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हर्पिस आहे. आधी कधी झालं होतं?"

"शाळेत असताना व्हायचं. परीक्षा आली की."

"मग लहानपणापासूनच आहे तुमच्यात. कुणी मावशी-काकू ओठाला फोड असताना पोराचा पापा घेते, तेवढ्यानं होतं. बहुतेक लोकांत हा विषाणू असतो, फक्त त्यांना ठाऊक नसतं. तो मज्जातंतूत जाऊन झोपतो. आपण थकलो, ताप आला, की जागा होतो." त्यांनी मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, दुसरी औषधं चालू आहेत का, दिवस गेलेत का, हे सगळं विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. "या गोळीनं तो मरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून पुढच्या वेळी ओठाला झिणझिण्या आल्या की लगेच घ्या, फोड सुकल्यावर घेऊन काही फायदा नाही. फोड आहेत तोवर कप आणि टॉवेल वेगळा, कुणाचा पापा घ्यायचा नाही, आणि फोडाला हात लावून डोळे चोळायचे नाहीत. एवढंच."

सून साधी होती. जे डॉक्टर बोलल्या ते तिनं जेवणाच्या टेबलाशी जसंच्या तसं सांगितलं. "हर्पिस आहे म्हणाल्या."

ताप मुतला होता तोवर कुणाला काही वाटलं नव्हतं. तोच ओठ, तोच फोड, पण इंग्रजी नाव मिळाल्याबरोबर तो चारित्र्याचा प्रश्न झाला. साहेबांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांच्या शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर व्हायची. या आत्याबाईंची माहिती नेहमी अर्धी असायची, आवाज मात्र पूर्ण. त्या म्हणाल्या, "हा रोग कशानं होतो, ठाऊक आहे ना सगळ्यांना? मी नाही बाई बोलणार." आणि मग त्याच विषयावर जेवण संपेपर्यंत बोलत राहिल्या.

सुनेनं पुन्हा समजावलं, पण ऐकतं कोण? साहेबांनी निकाल दिला. ताट वेगळं, वाटी वेगळी, पेला वेगळा. फोड जाईपर्यंत नव्हे, कायमचं. ओळख पटावी म्हणून त्यांनी स्वतः त्या भांड्यांच्या बुडावर लाल रंगाचा ठिपका काढला. जप्त केलेल्या वजनांवर काढायचे अगदी तसाच. स्वयंपाकघरातही यायचं नाही, असा हुकूम निघाला. तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला. सासूबाईंचे गुडघे त्या दिवशी धरले होते, आत्याबाई पाहुण्या, आणि साहेबांना गॅस कुठल्या बाजूला फिरवतात हे माहीत नव्हतं. तेव्हा रोगाचा विचार बाजूला ठेवून सुनेला आत घेण्यात आलं. चहा सगळ्यांनी घेतला.

नवऱ्याबद्दल काय सांगावं? तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना तो धीर देऊन बाहेर काढायचा आणि घरी आला की स्वतः मुकाट्यानं अडकून बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता, आरशात बघत, त्यानं विचारलं, "हे नेमकं आलं कुठून असेल?"

"सांगितलं ना, लहानपणापासून आहे."

"नाही, मी आपलं विचारलं. मोबाइलवर जरा वेगळंच लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"जाऊ दे."

"मी कुणाबरोबर गेले होते का, असं विचारतोयस?"

"मी असं म्हणालो का?"

"नाही म्हणालास," सून म्हणाली. "तेवढीही हिंमत नाही तुझ्यात." तिनं तोंड पुसलं, मास्क लावला आणि कामावर गेली. गोळ्या एका दिवसाच्याच होत्या. फोड लवकरच सुकले. लाल ठिपक्याची भांडी मात्र तशीच राहिली, आणि ती रोज त्याच ताटात जेवत राहिली, कारण भांडणासाठी लागणारा वेळ तिच्याकडे नव्हता.

काही महिन्यांनी साहेबांना डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी त्यांना हृदयविकार वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. हृदयविकार हा दर्जेदार आजार. पण त्या जागी शर्टाचा स्पर्श सहन होईना, आग आग व्हायला लागली, आणि मग पाठीपासून छातीपर्यंत एका बाजूनं लाल पट्टा उठला. त्यावर फोडांचे घोस.

"नागीण आहे," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी आरशासमोर शर्ट वर करून पाहिलं. नागीण हा शब्द त्यांना पटला. त्यात दरारा होता. सून म्हणाली, "बाबा, आजच जाऊ या. याच्यावर गोळी असते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केली तरच नीट लागू पडते." साहेबांना सुनेचं ऐकायची सवय नव्हती, पण आग इतकी होती की ते रिक्षात बसले.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पट्टा तपासला. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या असतील."

"त्याच विषाणूचं हे काम. इतकी वर्षं झोपला होता, आता उठला. लवकर आलात हे चांगलं केलंत. आता सांगा, बाकी काही आजार? रक्तदाब? साखर? मूत्रपिंडं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "ठणठणीत. आमच्या खात्यात माझ्यासारखी तब्येत कुणाची नव्हती."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मागच्याच वर्षी फॅमिली डॉक्टरनं सांगितलं होतं की मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत, मीठ कमी करा, दुखण्यावरच्या गोळ्या उठसूट घेऊ नका. साहेबांनी तो रिपोर्ट कपाटात खाली दडपून ठेवला होता, कारण कमी भरणं हे इतरांचं काम. सासूबाईंनी तोंड उघडलं, साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंनी तोंड मिटलं. चाळीस वर्षं हा व्यवहार इतक्याच आवाजात चालत आला होता.

"मूत्रपिंडाच्या रिपोर्टात त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे," सून म्हणाली.

कपाट आवरताना तो रिपोर्ट तिच्या हाती लागला होता. साहेबांच्या कपाळावरची शीर उडाली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे लपवायचं असतं का? ही गोळी लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडं कमजोर असली की ती अंगात साठत जाते आणि डोक्यावर परिणाम करते. लोकांना मी जेवढी देते तेवढी तुम्हांला दिली असती तर पंचाईत झाली असती." त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं आणि आकडा आल्यावर गोळ्या कमी करून लिहिल्या. इतरांना दिवसातून तीनदा, साहेबांना दोनदाच. पाणी भरपूर प्यायचं. कोर्स पूर्ण करायचा. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढचीची वेळ झाली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दुखण्यावर मी लिहिलेलीच गोळी, दुसरी कुठलीही नाही. फोड झाकून ठेवायचे.

साहेबांनी मान डोलावली. आपल्याला इतरांपेक्षा कमी गोळ्या, ही गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागली.

घरी दरबार भरला. सोसायटीतली माणसं भेटायला यायला लागली आणि साहेब प्रत्येकाला नागीण दाखवायला लागले. शर्ट वर, पट्टी बाजूला, "बघा, केवढी आहे." बघणारा हळहळला की ते पुढचा तपशील सांगायचे. पहिल्या मजल्यावरच्या गरोदर बाईला सुनेनं दारातूनच परत पाठवलं, कारण तिला कांजिण्या झालेल्या नव्हत्या आणि उघड्या फोडांतून त्या तिला होऊ शकल्या असत्या. साहेब चिडले. एक प्रेक्षक कमी झाला.

सगळं तसं बरं चाललं होतं. गोळ्यांना नुकतीच सुरुवात झाली होती, आग किंचित कमी वाटत होती. आणि मग आत्याबाई आल्या. भावाच्या उशाशी बसून त्यांनी औषधाची पट्टी हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. व्हॅलासायक्लोव्हिर.

"दादा," त्या म्हणाल्या, "ही तर तिची गोळी."

"कुणाची?"

"तिची. त्या रोगाची. मी पाहिलं होतं ना तेव्हा कचऱ्याच्या डब्यात. हेच नाव."

साहेबांनी पट्टी हिसकावून घेतली. सुनेला हाक मारली. सून ओल्या हातांनी बाहेर आली. साहेबांनी पट्टी तिच्यासमोर धरली. "ही गोळी तू घेतली होतीस?"

"हो. तीच आहे. माझा डोस वेगळा होता."

"म्हणजे मला हर्पिस झालाय असं त्या बाईचं म्हणणं आहे?"

"बाबा, नागीण म्हणजे हर्पिसच. हर्पिस झोस्टर. माझा तो सिम्प्लेक्स. एकाच घराण्यातले आहेत, म्हणून औषध एकच."

घराणं हा शब्द तिनं सहज वापरला होता, पण तो नको त्या ठिकाणी लागला. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," साहेब म्हणाले. "माझ्या अंगावर आहे ती नागीण. लोकांना मी काय सांगू? त्या बाईनं चुकीचं औषध दिलंय. आणि चुकीचं कसं, मुद्दाम दिलंय, कारण तू माझ्या आधी जाऊन तिच्याशी बोलत होतीस."

"गोळी बंद करू नका, बाबा."

"या घरात काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, ते मी ठरवतो."

त्यांनी गोळी बंद केली. एक विषाणू त्यांची मज्जातंतूची दोरी कुरतडत होता आणि हा माणूस त्याचं आडनाव काय याची चौकशी करत बसला होता. सुनेनं नवऱ्याला सांगितलं. नवरा बापाच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, "बाबा, गोळी घेतलीत ना?" असं विचारलं, "घेतली," असं उत्तर ऐकलं आणि सुटलो बुवा अशा चेहऱ्यानं परत आला. सुनेनं स्वतः रोज गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी नेऊन ठेवला. साहेब गोळी उशीखाली सरकवायचे. पाणीही प्यायचे नाहीत, कारण प्यायलं की उठावं लागायचं आणि उठलं की बरगडी पेटायची.

औषध सोडल्यावर नागीण काही साहेबांचा मान राखून थांबली नाही. फोड वाढले, एकमेकांत मिसळले. अंगावर पंख्याचा वारासुद्धा नको झाला. साहेब कण्हायला लागले. तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच्या गुडघेदुखीच्या गोळ्या आणून दिल्या. "या घे दादा. यांना नाव ठेवायला जागा नाही." साहेबांनी त्या घेतल्या. सकाळी एक, दुपारी एक, मध्ये वाटलं तर आणखी एक. फॅमिली डॉक्टरनं ज्या गोळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं त्या याच जातीच्या होत्या. पण त्यांचं नाव इभ्रतदार होतं.

कण्हून कण्हून शेवटी साहेब घाबरले. घाबरलो असं म्हणायची मात्र सोय नव्हती. मग त्यांनी ऑफिसातला मार्ग धरला. खात्यात असताना वरून तपासणी येणार म्हटलं की ते महिन्याभराच्या पडून राहिलेल्या फायली एका बैठकीत निकाली काढायचे आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकही व्हायचं. त्यांनी दार लोटलं, उशीखालच्या गोळ्या काढल्या, पट्टीतल्या उरलेल्या फोडल्या आणि सगळा अनुशेष एका घोटात संपवला. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत तिथंच होत्या.

"अहो, एवढ्या?" त्या म्हणाल्या.

"राहिलेल्या भरून काढल्या. कुणाला काही बोलायचं नाही."

सासूबाई कुणाला काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून लॅबमधून लवकर आली तेव्हा साहेब दिवाणखान्यात उभे होते. कमरेला टॉवेल, वर काही नाही, पट्टी सुटलेली. हात हवेत थरथरत होते आणि मधूनच सगळं अंग दचकल्यासारखं उडत होतं. समोरच्या रिकाम्या भिंतीला ते दरडावत होते, "काटा बघ. काटा सरळ नाही. किती दिवस चाललंय हे?" सून जवळ गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. "परवाना आहे का?" त्यांनी विचारलं. मग टेबलावरचा चमचा उचलून त्यांनी तो जप्त केला आणि काखेत धरला.

आत्याबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. "नागीण डोक्यात गेली," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हणाले होते." काय म्हणाल्या होत्या, ते कुणीच विचारलं नाही. नवऱ्याला फोन लावला तर तो कुठल्यातरी इमारतीच्या छतावर होता. "बघतो, निघतो," असं तो म्हणाला. सुनेनं वॉचमनला वर बोलावलं, दोघांनी मिळून साहेबांना शर्ट चढवला आणि रिक्षात घातलं. निघताना घरातल्या दिसतील त्या सगळ्या गोळ्या तिनं एका पिशवीत कोंबल्या. त्यात आत्याबाईंच्या गोळ्याही आल्या. सासूबाई आणि आत्याबाई मागून दुसऱ्या रिक्षानं निघाल्या.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पांढऱ्या पडद्यांमागे साहेबांना झोपवलं. सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. साहेब नर्सला दंड करत होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं पिशवी पलंगावर रिकामी केली. दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी त्यानं एकदा पाहिली आणि ओठ आवळले. "या कुणी दिल्या?" आत्याबाई एकदम पडद्याबाहेर पाणी शोधायला गेल्या. "आणि या अँटिव्हायरलच्या? वेळेवर घेत होते का?"

"घेत होते," नवरा म्हणाला. तो नुकताच धापा टाकत पोचला होता. "मी रोज विचारायचो."

"कमी घेतल्या की जास्त? मला नक्की कळलं पाहिजे. विषाणू मेंदूपर्यंत गेला असेल तर उपाय वेगळा, आणि गोळी अंगात साठून हे झालं असेल तर उपाय बरोबर उलटा. एकात औषध वाढवायचं, दुसऱ्यात थांबवायचं."

पलंगावर साहेबांनी मान वळवली. सासूबाई पायथ्याशी उभ्या होत्या आणि साहेबांचे डोळे, ओळख असो वा नसो, सवयीनं त्यांच्यावर जाऊन थांबले. सुनेनं पाहिलं, सासूबाईंनी पदर मुठीत धरला होता.

"त्यांनी आधी बंद केल्या होत्या," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका स्पष्ट होता की मुलानंही दचकून पाहिलं. "हर्पिसची गोळी आहे म्हणून. लाज वाटली त्यांना. मग काल सगळ्या एकदम घेतल्या. मी समोर होते. मला सांगू नको म्हणाले, म्हणून मी सांगितलं नाही. मूत्रपिंडंही अधू आहेत त्यांची. तेही सांगू नको म्हणाले होते."

डॉक्टरनं एवढंच विचारलं, "अजून काही आहे का, सांगू नको म्हणालेलं?"

"पुष्कळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण ते तुमच्या उपयोगाचं नाही."

रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडांनी जवळजवळ हात टेकले होते. गोळी थांबवली, सलाइन चालू ठेवलं, रक्त गाळायच्या मशिनवर दोनदा ठेवलं. दोन-तीन दिवसांत साहेबांची नजर ताळ्यावर आली, थरथर गेली, चमचा त्यांनी आपणहून परत केला. बायकोनं सगळं सांगितलं हे कळल्यावर ते तिच्याशी बोलेनासे झाले. सासूबाईंना ते ध्यानात यायला जरा वेळच लागला.

घरी जाण्याच्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः बघायला आल्या. फोड सुकत होते. त्या म्हणाल्या, "जीवावरचं गेलं. मूत्रपिंडंही बरीच सावरलीत. पण औषधाचे जे पहिले दिवस हातचे घालवलेत ते काही परत येणार नाहीत. आग कदाचित काही महिने राहील."

साहेबांनी डिस्चार्ज कार्ड वाचलं. दोनदा वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हे इथं वर हर्पिस झोस्टर लिहिलंय. त्याऐवजी दुसरं काही लिहिता येईल का? इन्शुरन्सवाले बघतात, सोसायटीत विचारतात."

"काय लिहू?"

"मेंदूज्वर वगैरे."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे, मग सासूबाईंकडे, मग सुनेकडे पाहिलं. "मेंदूज्वर झालेला नाही तुम्हांला," त्या म्हणाल्या. "तुमचा मेंदू आधी होता तसाच आहे." आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

अर्थात सोसायटीत मेंदूज्वरच सांगितला गेला. साहेब सांगायचे आणि आत्याबाई दुजोरा द्यायच्या. दोघंही इतकं रंगवून सांगायचे की काही दिवसांनी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. बरगडीखालची आग मात्र गेली नाही. शर्टाऐवजी साहेब जुना, मऊ झालेला बनियन उलटा घालून फिरायचे, शिवण टोचू नये म्हणून. वॉचमन सलाम ठोकायचा, तो हात वर करून घेता येईना, तेव्हा साहेब नुसती मान हलवायचे.

नवऱ्यानं एकदा कपडे वाळत घालताना विषय काढला. "त्या वेळी मी तुला काही म्हणालो नव्हतो हं तसं."

"तू बाबांनाही काही म्हणाला नव्हतास," सून म्हणाली. "आईलाही नाही. आत्याबाईंना तर नाहीच. तो टॉवेल इकडे दे."

त्यानं टॉवेल दिला. एवढं तो नेहमीच करायचा.

मग एका सकाळी सून कामाला निघाली तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. बाहेर जायची साडी, हातात पर्स.

"कुठं, आई?"

"तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे मला सोड. नागिणीची लस असते म्हणे आमच्या वयाला. हॉस्पिटलात भिंतीवर लिहिलं होतं."

आतून साहेबांनी विचारलं, "कुठं निघालीस?" बऱ्याच दिवसांनी ते बोलले होते. सासूबाईंनी दार ओढून घेतलं.

दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "कशासाठी आलात?"

"हर्पिसची लस घ्यायला," सासूबाई म्हणाल्या. बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. सासूबाईंनीही त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सुनेला म्हणाल्या, "तू जा लॅबमध्ये, तुला उशीर होईल. मी येईन परत. आणि हो, इंजेक्शननं हात दुखतो म्हणतात. आज स्वयंपाक होणार नाही माझ्याच्यानं."

"मग मी लवकर येते."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझ्या वेळेला ये. घरी माणसं आहेत की दोन, आत्याबाई आल्या तर तीन. बघू दे त्यांना गॅस कसा लागतो ते." आणि पर्स मांडीवर ठेवून त्या आपला नंबर येण्याची वाट बघत आरामात बसल्या.